जुन्या पेटीतला वस्तरा भंगारात घालू नका



एका वाचक भगिनींनी पत्राने एक प्रश्न विचारला आहे. सासरे वारल्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक जुना वस्तरा निघाला. पाते गंजून तांबडे झालेले, मूठ काळी आणि एका बाजूने तडकलेली. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. शेजारीण म्हणते, मेलेल्या माणसाचा वस्तरा ठेवला की घरात भांडणे लागतात. तर काय करावे?

शेजारणीच्या बोलण्याला फार उत्तर देण्याची गरज नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने लोखंडाच्या तुकड्याला भिण्याचे कारण नाही. भंगारवाल्याच्या बाबतीत मात्र घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वजनावर दोन-चार रुपये येतील. तेवढ्यासाठी आपण काय देऊन टाकतो आहोत, हे आधी समजून घ्यावे.

खेड्यातल्या सवर्णांच्या घरी पूर्वी वस्तरा नसे. तशी गरजच नव्हती. न्हावी धोकटी काखेत मारून दारी येई आणि बलुत्यावर सालभर हजामत करी. वस्तरा असे तो आपल्या घरात, कारण आपल्या दारी कोणी येत नव्हते. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लहानपणच्या साताऱ्याची हकिकत सांगितली आहे. गावात न्हावी होते, त्यांना पैसे देण्याची घरची ऐपतही होती. तरीसुद्धा या भावंडांचे केस त्यांची मोठी बहीण कापत असे आणि सरावाने ती त्या कामात तरबेज झाली होती. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता, एवढेच त्याचे कारण. ही पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये छापली. लष्करातल्या सुभेदाराच्या घरची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या वस्तीची काय असेल? वस्तीतलाच एखादा हाताचा हलका माणूस वस्तरा बाळगी आणि पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची डोकी-दाढ्या करी. पेटीतला गंजका वस्तरा हा त्या दिवसांचा पुरावा आहे. आपल्या घराण्यांची कागदपत्रे नाहीत, सनदा नाहीत. अशा वस्तूच काय त्या आहेत.

हे लिहिताना नाभिक समाजाविषयी आकस नाही. तोही बलुतेदार, गावाच्या मुठीतला. त्याने महाराची दाढी केली असती तर पाटलाची दाढी आणि सालभराचे बलुते दोन्ही गेले असते. याच समाजाने वस्तरा खाली ठेवून माणुसकीही दाखवलेली आहे. १८९० मध्ये मुंबईत जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांची सभा घेतली आणि यापुढे विधवांचे केशवपन करायचे नाही असा निर्धार तिथे झाला. तथागतांच्या संघातले स्थविर उपाली तर कपिलवस्तूच्या शाक्यांचे न्हावीच. अनुरुद्ध, आनंद वगैरे शाक्य कुमारांनी स्वतःच्या कुळाचा ताठा उतरावा म्हणून उपालीला आपल्या आधी प्रव्रज्या द्यायला लावली. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान त्यांचाच होता. भिक्खूच्या आठ परिक्खारांतही वस्तरा आहेच, आणि विनयपिटकात वस्तऱ्याबरोबर त्याचा दगड, त्याचे म्यान यांचीही अनुज्ञा नोंदलेली आहे. तेव्हा ही वस्तू आपल्याला दोन्हीकडून जवळची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा वस्तरा कुठला आणि किती जुना, हे कसे ओळखावे?

सर्वांत आधी एक पथ्य. हाती आल्याबरोबर घासायला बसू नये. निम्मे जुने वस्तरे घासण्यानेच मुके होतात, कारण त्यांची ओळख पात्याच्या मागच्या दांडीवर, म्हणजे मुठीत अडकवलेल्या भागावर, ठोकलेल्या अक्षरांत असते. मऊ फडक्याला शिलाई मशीनचे तेल लावून ती दांडी दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसावी. मग अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने, तिरपा टाकावा. पुसट अक्षरेही सावलीने उठून दिसतात. तरी वाचता आली नाहीत तर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल हलकेच घासावी. लहानपणी आपण नाण्याचा ठसा घेत होतो, तसेच.

ठसाच नसेल तर तो बहुधा गावच्या लोहाराने घडवलेला असेल. पाते जाड, थोडे वेडेवाकडे, मूठ लाकडाची किंवा शिंगाची. त्याला बाजारात किंमत नाही, पण माझ्या दृष्टीने तो विलायती वस्तऱ्याहून मोलाचा आहे. कोणत्या तरी लोहाराच्या भात्यावर तो तयार झाला, आणि त्याचे नाव कुठल्याही कोशात सापडणार नाही.

ठसा असेल तर बहुतेक वेळा दोन गावांपैकी एकाचे नाव वाचायला मिळते. इंग्लंडातले शेफील्ड किंवा जर्मनीतले झोलिंगेन, जे आपण इंग्रजी अक्षरांवरून सोलिंगेन असे वाचतो. फ्रान्समधले तिएर आणि स्वीडनमधले एस्किलस्टुना ही नावेही आढळतात, पण कमी. शेफील्डचे नाव झाले ते पोलादामुळे. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने तिथे मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली. त्या पोलादाला ‘कास्ट स्टील’ म्हणत. हे शब्द दांडीवर दिसले की वस्तरा शंभर वर्षांहून जुना असण्याची चांगली शक्यता असते. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या कंपनीची खूण चांदणी आणि माल्टाचा क्रॉस ही आहे. वेड अँड बुचर हे दुसरे मोठे नाव. झोलिंगेनच्या हेंकेल्स कंपनीची जुळ्या मुलांची खूण १७३१ पासूनची आहे, आणि झाडाचे चित्र असेल तर ती बोकर कंपनी.

मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना दोन इंग्रजी अक्षरे असतील तर आणखी सोपे. ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१. ‘डब्ल्यू आर’ असेल तर चौथा विल्यम, म्हणजे १८३० ते १८३७ ही सातच वर्षे, आणि असा वस्तरा दुर्मिळ. ‘जी आर’ने मात्र घोटाळा होतो. जॉर्ज नावाचे राजे १८३० पर्यंत होते आणि १९१० नंतर पुन्हा आले. अशा वेळी पात्याचा आकार पाहावा. जुन्या पात्यांची शेपटी, म्हणजे दांडीच्या मागे निघालेले, बोट टेकवायचे टोक, आखूड असते किंवा नसतेच. पाते पाचरीसारखे भरीव असते. पुढच्या काळातल्या पात्याची शेपटी लांब, आणि दोन्ही बाजू आत खरवडून पोकळ केलेल्या. भरीव पात्यावर नख मारले तर बद्द वाजते, पोकळ पाते टण् करते. रुंदी सुताराच्या मापाने, म्हणजे सुतांत मोजतात. एक इंचाचे आठ सूत. पाच-सहा सुतांचे पाते नेहमीचे, सात-आठ सुतांचे मोठे.

देशाच्या नावाची गोष्ट मला विशेष वाटते. झोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या मालावर शेफील्डची नावे ठोकून विकत, अशी इंग्रजांची ओरड होती. म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ मध्ये कायदा करून परक्या मालावर त्याचे मूळ ठिकाण घालायला लावले. हेतू असा, की ‘जर्मनीत बनले’ हे वाचून गिऱ्हाईक नाक मुरडील. झाले उलटेच. माल चांगला निघाला आणि कमी लेखण्यासाठी मारलेला शिक्काच पुढे खात्रीचा शिक्का ठरला. १९३८ मध्ये जर्मनीने झोलिंगेन हे नाव कायद्याने राखून ठेवले. दुसऱ्याने हिणवायला दिलेले नाव माणसांनी कामाच्या जोरावर कसे फिरवले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अमेरिकेनेही १८९० च्या जकात कायद्याने बाहेरच्या मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, ते १८९१ पासून लागू झाले. म्हणून नुसते ‘शेफील्ड’ असेल आणि ‘इंग्लंड’ नसेल, तर वस्तरा त्याआधीचा असू शकतो. असू शकतो एवढेच, कारण सगळेच कारखाने सगळ्या मालावर सारखा ठसा मारत नव्हते.

मुठीकडेही पाहावे. काळे किंवा पिवळसर पट्ट्यांचे शिंग सर्वांत जास्त सापडते. शिंगाला कसर लागते, कडेला खाल्ल्यासारखे खळगे दिसतात. गुळगुळीत, रंगीत, कधी हस्तिदंतासारखी दिसणारी मूठ बहुधा सेल्युलॉइडची. हा पदार्थ १८७० च्या सुमारास निघाला, त्यामुळे मूळ मूठ तशी असेल तर वस्तरा त्यानंतरचा. सेल्युलॉइड भडकन पेट घेते, म्हणून तापलेली सुई टोचून बघण्याचा उद्योग करू नये. ते जुने होऊन कुजू लागले की त्यातून आम्ल वाफ सुटते आणि पाते मुठीच्या आतूनच सडते. अशी मूठ चिकट, तडकलेली दिसली तर पाते तिच्यातून मोकळे करून वेगळे ठेवावे. आणि मूठ खऱ्या हस्तिदंताची निघाली तर विकण्याच्या भानगडीत अजिबात पडू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला आहे. जुने आहे, आजोबांचे आहे, ही सबब चालत नाही.

लष्करात गेलेल्या घराण्यांनी दांडीवर आणि मुठीवर आणखी एक खूण शोधावी, तीन रेघांचा बाण. ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण आहे आणि पहिल्या महायुद्धातल्या लष्करी वस्तऱ्यांवर ती आढळते. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. त्या पलटणीत कोणी पूर्वज असल्याचे घरात सांगत असतील, तर बाण आणि त्याच्याजवळचे आकडे जसेच्या तसे उतरून ठेवावेत.

आता दुरुस्ती. आधी वस्तरा दुरुस्तीच्या लायकीचा आहे का ते पाहावे. पात्याला धारेपासून वर चीर गेली असेल तर तो कधीही दाढीला वापरू नये. चीर डोळ्याला दिसत नाही, पण नख हलकेच फिरवले तर अडकते. नख पाठीकडून धारेकडे फिरवावे, धारेच्या लांबीने कधीही नाही. गंजाने देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले असतील आणि ते पात्याच्या मध्यावर असतील तर हरकत नाही. तेच खड्डे धारेवर आले असतील तर कितीही पाजवा, धार तिथे तुटत राहणार. असा वस्तरा स्वच्छ करून आठवण म्हणून ठेवावा.

गंज काढण्यासाठी पात्याला तेल लावून दोन-तीन दिवस राहू द्यावे. धारेवर आधी चिकटपट्टीची घडी बसवावी, नाहीतर रक्त निघाल्याशिवाय राहणार नाही. मग हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर, आधी ६०० नंबर, मग १०००, शेवटी २०००, तेलात भिजवून खोडरबराभोवती गुंडाळावा आणि पाते फळीवर सपाट टेकवून पाठीकडून धारेच्या दिशेने घासावे. तांबडा, सुटणारा गंज निघाला की थांबावे. खालचा काळा डाग पोलादाला खात नाही, तो राहू द्यावा. आरशासारखे चकचकीत करण्याच्या नादात पाते पातळ होते आणि अक्षरे जातात. दांडीवरच्या अक्षरांना कागद लावूच नये. पितळेच्या भांड्यांना चिंच-लिंबू लावतो तसे इथे लावू नये, आंबटाने पोलाद खाल्ले जाते.

आणि धारवाल्याच्या फिरत्या चाकावर हा वस्तरा कदापि देऊ नये. या पात्याला लोहाराने जे पाणी दिलेले असते ते दोनशे-अडीचशे अंश उष्णतेवर उतरू लागते. वस्तऱ्याची धार केसाहून पातळ. चाकाला टेकवल्यावर क्षणात तापते, आधी पिवळी, मग निळी पडते. निळी पडली की पाणी उतरले. शंभर वर्षे टिकलेले पोलाद अर्ध्या मिनिटात पत्रा होते.

शिंगाची मूठ कोरडी पडली असेल तर तिळाचे तेल चोळून दोन दिवस ठेवावी. पाण्यात भिजवू नये, वाकते. खिळा सैल झाला असेल तर हलक्या हातोडीने त्याचे डोके चारी बाजूंनी टिचकी मारल्यासारखे ठोकावे. नवा घालायचा असेल तर पितळेची तार आणि दोन बारीक वायसर लागतात. हे काम घड्याळजी किंवा सोनार आपल्यापेक्षा बरे करील.

धारेसाठी निसणा लागतो, तोही अगदी सपाट. वस्तऱ्याची गंमत अशी की कोन धरावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून पाते धारेच्या दिशेने पुढे न्यायचे, मग पाठीवर उलटून परत आणायचे. पाठीची जाडीच कोन ठरवते. त्यानंतर चामड्याच्या ताणलेल्या पट्ट्यावर उलट, म्हणजे पाठ पुढे ठेवून, पन्नास-साठ वेळा. जोर देऊ नये, पात्याचे स्वतःचे वजन पुरते. हे वाचून येण्यासारखे काम नाही. आज सलूनमध्ये अर्धे ब्लेड घालायचे वस्तरे आले, त्यामुळे पट्ट्यावर हात चालवणारे थोडे उरले. आपल्या भागात एखादे वयस्क नाभिक काका असतील तर त्यांच्याकडे जावे. वस्तरा हातात घेताच ते त्याच्याविषयी चार गोष्टी सांगतील, त्याही लिहून घ्याव्यात. पाठ किती झिजली आहे हे त्यांना अवश्य विचारावे. दगडावर पाठही झिजते, म्हणून रुंद, चपटी झालेली पाठ म्हणजे एका हाताची वर्षानुवर्षांची मेहनत.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दुरुस्त झालेला वस्तरा एकाच माणसाने वापरावा. श्रामणेर शिबिरात मुलांचे मुंडन करायला आजोबांचा वस्तरा काढावा, असा मोह एखाद्या कार्यकर्त्याला होईल. भावना चांगली आहे, पण एकाच पात्याने रांगेने डोकी करणे म्हणजे कावीळ ब आणि एचआयव्ही यांना वाट करून देणे. मधे गरम पाण्यात बुडवले की झाले, या भरवशावर राहू नये. शिबिरात प्रत्येक मुलासाठी नवे ब्लेड, यात काटकसर नको.

आमच्यासारख्या कारकुनाला नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक सूचना. वस्तऱ्याबरोबर एक जाड कागद ठेवावा. त्यावर कोणाचा, कोणत्या गावचा, त्या माणसाचे काम काय होते, कोणाकोणाच्या दाढ्या करीत, दांडीवर काय लिहिले आहे, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहावे. म्हातारी माणसे जास्त दिवस थांबत नाहीत.

राहिला प्रश्न ठेवण्याचा. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरते. चुल्लवग्गात एक छोटी हकिकत आहे. भिक्खूंच्या सुया गंजू लागल्या, तेव्हा तथागतांनी आधी त्यांच्यासाठी नळीची अनुज्ञा दिली, तरी गंजतात म्हटल्यावर नळीत कोरडी पूड भरण्याची, आणि शेवटी मधमाशांचे मेण वापरण्याची. अडीच हजार वर्षांत यापेक्षा फार वेगळा उपाय निघालेला नाही. पात्याला तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात द्यावा, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे. वर्षावास सुरू होण्यापूर्वी एकदा आणि संपल्यावर एकदा उघडून पाहावे. दांडीवरची अक्षरे लागली नाहीत तर पेन्सिलीने घेतलेला ठसा साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवावा. वस्तरा मात्र टपालाने पाठवू नये.